चोवीस तासांची कीर्द

माणसाला त्याच्या रोजच्या वागण्याबद्दल सरळ प्रश्न विचारला, तर तो बहुधा स्वतःविषयीचे मत सांगतो. आठवड्यात किती तास काम करता, देवदर्शनाला किती वेळा जाता, मुलांजवळ किती वेळ बसता, या प्रश्नांना उत्तर देणारा खोटे बोलत असतो असे नाही. आपण जसे आहोत असे त्याला वाटते, तसे तो सांगतो. काल प्रत्यक्षात काय घडले ते त्यात उतरतेच असे नाही. अमेरिकेतल्या मतचाचण्यांत कित्येक दशके सुमारे 40 टक्के लोक दर आठवड्याला चर्चला जात असल्याचे सांगत होते. स्टॅन्ली प्रेसर आणि लिंडा स्टिन्सन यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने तपासली. लोकांनी आपल्या रविवारची तासागणिक हकीगत नोंदवलेली होती. त्या हकीगतीत चर्चचा उल्लेख आपोआप येतो का, एवढेच त्यांनी पाहिले. 1990 नंतरच्या नोंदींत हे प्रमाण एक चतुर्थांशाच्या जेमतेम वर भरले. नोकरीच्या तासांबाबत जॉन रॉबिन्सन यांनाही असाच अनुभव आला होता. कामाचे तास कुणी जितके जास्त सांगावेत, तितकी त्याच्या सांगण्यात आणि रोजनिशीतून निघालेल्या आकड्यात तफावत मोठी. समाज तोच आणि काळही तोच होता. फरक पडला तो विचारण्याच्या रीतीने.

या रीतीला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. संशोधनातली रोजनिशी म्हणजे मन मोकळे करण्याची वही नसते. बहुतेक वेळा तो एक छापील तक्ता असतो. डावीकडे एका पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंतच्या वेळा आणि पुढे रकाने: काय करत होता, कुठे होता, सोबत कोण होते, त्याच वेळी आणखी काही चालू होते का. या तक्त्याचे बळ लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणात शोधू नये. ते त्याच्या बंदिस्त मांडणीत आहे. व्यापाऱ्याच्या कीर्दीत दिवसअखेर शिल्लक जुळावी लागते, तशी इथे 1440 मिनिटांची बेरीज जुळावी लागते. ऑफिसला दोन तास वाढवून लिहायचे, तर ते झोपेतून, जेवणातून किंवा लोकलच्या प्रवासातून काढावे लागतात. एखादे काम लपवले तर त्या जागी दुसरे काही लिहावे लागते. शिवाय प्रश्न 'तुम्ही कसे आहात' असा नसून 'त्यानंतर काय केले' असा असतो, आणि त्याचे उत्तर देताना स्वतःची प्रतिमा सांभाळण्याला फारसा वाव राहत नाही. ही बंदिस्ती जिथे राखली गेली, तिथे रोजनिशीने दुसऱ्या कोणत्याही साधनाला न दिसलेले श्रम उघड केले. जिथे ती ढिली पडली, तिथे त्याच रोजनिशीने संशोधकांना फसवले. पुढचा सारा इतिहास मला या एका गोष्टीची साक्ष देणारा वाटतो.

वेळेच्या आधी पैशाचा हिशेब आला. फ्रेदरिक ल प्ले यांनी 1855 साली युरोपातल्या कामगार कुटुंबांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि कुटुंब समजून घ्यायचे तर त्याचा जमाखर्च तपासावा, ही पद्धत रूढ होत गेली. महाराष्ट्रातही तिची उदाहरणे आहेत. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास 1917 साली प्रसिद्ध केला; त्यात घराघरांची जमीन, कर्ज, उत्पन्न आणि खर्च यांची तपासणी होती. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली शहरातल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले आणि 1923 साली त्यांचा अहवाल काढला. धान्य, खोलीचे भाडे, कपडालत्ता, सावकाराचे व्याज हे सगळे अशा पाहण्यांमुळे कागदावर आले. पण पैशाच्या वहीची एक अंगभूत मर्यादा होती. ज्या कामात पैसा हातातून हातात जात नाही, ते तिला दिसत नाही. बाईने बाहेर मजुरी केली तर ती नोंदली जाई. तिने भरलेले पाणी, दळलेले पीठ, थापलेल्या भाकऱ्या आणि आजारी माणसाची केलेली शुश्रूषा यांना त्या वहीत रकानाच नव्हता. घरात किती माणसे खातात हे ती वही सांगत असे. त्या सगळ्यांचे खाणे तयार करायला किती वेळ जातो, ते नाही.

ही उणीव ज्यांच्या लक्षात आली, त्यांत बायका पुढे होत्या. लंडनच्या लॅम्बेथ भागात फेबियन विमेन्स ग्रुपच्या कार्यकर्त्या 1909 ते 1913 या काळात गरीब कामगारांच्या घरी आठवड्यामागून आठवडे जात राहिल्या. मॉड पेंबर रीव्ह्‌ज यांनी त्यावर 1913 साली पुस्तक लिहिले. त्यात आठवड्याच्या खर्चाच्या याद्या आहेतच, पण त्यांच्या जोडीला त्या घरांतल्या आयांचे दिवसही तासवार मांडलेले आहेत. अमेरिकेत 1925 च्या पर्नेल कायद्याने गृहविज्ञानाच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळाला. तिथल्या शेती खात्यात हिल्डेगार्ड नीलँड यांच्या पुढाकाराने प्रामुख्याने शेतकरी घरांतल्या गृहिणींकडून आठवडाभराच्या रोजनिश्या भरून घेण्यात आल्या. घरकाम सुटसुटीत कसे करावे हे बायकांना शिकवावे, असा त्यामागचा हेतू होता. त्या नोंदींची खरी किंमत कळली ती अर्धशतकानंतर. जोअ‍ॅन व्हानेक यांनी 1974 साली त्यांची 1960 च्या दशकातल्या नोंदींशी तुलना केली. बाहेर नोकरी न करणारी गृहिणी 1920 च्या दशकात आठवड्याला सुमारे 52 तास घरकाम करत होती. 1960 च्या दशकात हा आकडा सुमारे 55 तास निघाला. मधल्या काळात नळाचे पाणी, वीज, धुलाई यंत्र, फ्रीज हे सगळे आले होते. कपडे धुण्याचे कष्ट हलके झाले, पण कपडे वाढले आणि ते वारंवार धुतले जाऊ लागले. खरेदी आणि मुलांचे संगोपन यांत जाणारा वेळ वाढला. यंत्रांनी बाईला मोकळे केले, असे जाहिराती सांगत होत्या आणि लोकही मानत होते. चाळीस वर्षांच्या अंतराने भरलेले दोन तक्ते शेजारी ठेवल्यावर त्या समजुतीला आधार उरला नाही.

याच काळात दुसऱ्या टोकाची राजवटही हेच साधन वापरत होती. सोव्हिएत अर्थतज्ज्ञ स्तानिस्लाव स्त्रुमिलिन यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोतल्या कामगार कुटुंबांच्या वेळेचा जमाखर्च मांडला. कामगाराचा दिवस नियोजनाच्या कक्षेत आणायचा, तर तो आधी कळायला हवा होता. पितिरिम सोरोकिन आणि क्लॅरेन्स बर्जर यांचा अमेरिकेतला अभ्यास 1939 साली आला. मात्र या पद्धतीला जागतिक रूप दिले ते हंगेरीचे समाजशास्त्रज्ञ अलेक्झांडर सालाई यांनी. शीतयुद्ध ऐन भरात असताना, 1960 च्या दशकाच्या मध्यावर, त्यांनी सोव्हिएत संघ, अमेरिका, दोन्ही जर्मनी, फ्रान्स, पोलंड, पेरू अशा 12 देशांतल्या संशोधकांना एकाच नमुन्याचा तक्ता वापरायला लावले. त्याचा ग्रंथ 1972 साली प्रसिद्ध झाला. भांडवलशाही असो की समाजवाद, नोकरी करणाऱ्या बाईला नोकरी करणाऱ्या पुरुषापेक्षा मोकळा वेळ कमी मिळतो, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांना हा निष्कर्ष गैरसोयीचा होता. तो नाकारणे मात्र अवघड होते, कारण सगळीकडे मोजपट्टी एकच होती आणि ती चोवीस तासांपलीकडे ताणता येत नव्हती.

या साधनावर पहिला आक्षेप येतो तो खरेपणाचा. माणसे वही वेळेवर भरत नाहीत आणि भरली असे भासवतात. हा आक्षेप निव्वळ कल्पनेतला नाही. आर्थर स्टोन, सॉल शिफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली तो पुराव्यानिशी मांडला. जुनाट दुखणे असलेल्या 80 रुग्णांना त्यांनी दिवसातून तीनदा वेदनेची नोंद करायला सांगितले. निम्म्यांना कागदी वही दिली, निम्म्यांना इलेक्ट्रॉनिक. कागदी वही कधी उघडली जाते ते टिपणारे प्रकाशसंवेदक तिच्या बांधणीत बसवलेले होते आणि रुग्णांना त्याची कल्पना नव्हती. रुग्णांच्या लिहिण्याप्रमाणे 90 टक्के नोंदी वेळेवर झाल्या होत्या. संवेदकांच्या हिशेबाने वेळेवर झालेल्या नोंदी होत्या 11 टक्के. जवळजवळ एक तृतीयांश दिवशी वही उघडलीही गेली नव्हती, तरी त्या दिवसांचे रकाने भरलेले होते. वेळेचा शिक्का आपोआप पडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वहीत मात्र हे प्रमाण 94 टक्के राहिले. आहाराच्या रोजनिश्यांचेही तसेच. शरीराने प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च केली हे विशिष्ट समस्थानिके असलेले पाणी पाजून मोजता येऊ लागले, तेव्हा 1980 च्या दशकात दिसून आले की माणसे खाल्ल्यापेक्षा कमी लिहितात, आणि स्थूल व्यक्तींच्या बाबतीत हे अंतर अधिक असते.

हे निष्कर्ष गंभीर आहेत आणि रोजनिशीच्या समर्थकांनी ते लपवू नयेत. पण रोजनिशी नेमकी कुठे कोसळली ते पाहिले, तर मूळ मुद्दा अधिकच पक्का होतो. वेदनेच्या वहीत एक ते दहामधला कोणताही आकडा कधीही लिहिला तरी कशाशीच ताळा जुळवावा लागत नाही. आहाराच्या वहीत संध्याकाळचा वडापाव गाळला, तर पानावर पोकळी दिसत नाही. त्या दिवशी इतकेच खाल्ले असे म्हणता येते. दिवसाच्या तक्त्यात दोन तास गाळले की ते दोन तास रिकामे दिसतात आणि विचारणारा थांबून विचारतो. म्हणून या तीन वह्यांना एकाच मापाने नापास करणे योग्य नाही. अलीकडे ब्रिटनमध्ये जोनाथन गर्शनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना छातीवर कॅमेरा आणि हालचाल मोजणारे यंत्र लावून त्याच दिवसाची रोजनिशीही भरायला दिली. एकेका माणसाच्या नोंदीत फरक आढळले, पण साऱ्या गटाची सरासरी कॅमेऱ्याच्या सरासरीजवळ राहिली. रोजनिशीकडून मागायचे ते हेच. एका व्यक्तीचा एक दिवस तिचे आयुष्य सांगत नाही; हजारो व्यक्तींचे वेगवेगळे दिवस एकत्र आले की समाजाचा दिवस दिसू लागतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: रोजनिशी लिहितो कोण? ब्रिटनमध्ये 1937 साली सुरू झालेल्या 'मास ऑब्झर्व्हेशन' या उपक्रमाने सामान्य माणसांना आपला दिवस मुक्तपणे लिहायला सांगितले. त्यातून महायुद्धाच्या काळातल्या घरगुती जीवनाचा अनमोल ठेवा जमा झाला. पण ज्याला लिहिण्याची आवड आणि सवड आहे, तोच असे लिहितो. ती माणसे समाजाचा नमुना ठरत नाहीत. भारतात तर हा प्रश्न आणखी टोकदार होता. ज्या बाईला अक्षर येत नाही आणि जिच्या घरात घड्याळ नाही, तिची रोजनिशी कशी घ्यायची? दरम्यान सरकारी पाहण्यांत अशा बायका घरकाम करणाऱ्यांच्या 92 आणि 93 या क्रमांकांच्या गटांत जाऊन पडत. सरपण, चारा, पाणी गोळा करणारीला 93 क्रमांक मिळे, पण श्रमिकांच्या मोजणीत ती येत नसे. मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने 1970 साली बेरोजगारीच्या मोजमापावर मूलभूत प्रश्न उभे केले. त्यानंतर 1972-73 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून गेल्या सात दिवसांतल्या प्रत्येक अर्ध्या दिवसाचा हिशेब विचारला जाऊ लागला. वर्षाचे ढोबळ उत्तर घेण्याऐवजी दिवस मोजण्याकडे टाकलेले हे महत्त्वाचे पाऊल होते, पण अर्धा दिवस हे माप शेतमजुराला जितके बसते तितके गृहिणीला बसत नाही. तिचे काम तुकड्यातुकड्यांनी पहाटेपासून रात्रीपर्यंत पसरलेले असते.

त्यापुढचे पाऊल देवकी जैन आणि मालिनी चंद यांनी टाकले. त्यांनी 1976-77 मध्ये राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या सहा खेड्यांत घराघरांतल्या माणसांच्या वेळेच्या नोंदी घेतल्या. घरकाम करणाऱ्या म्हणून बाजूला काढलेल्या अनेक बायका गुरे चारणे, खुरपणी, धान्य निवडणे अशी उत्पादक कामे करत असल्याचे त्यातून दिसले. या कामाचे वजन सरकारी पातळीवर जाणवायला वीस वर्षे लागली. इंदिरा हिरवे यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीच्या मार्गदर्शनात जुलै 1998 ते जून 1999 या काळात हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांतल्या 18,591 कुटुंबांची पाहणी झाली; महाराष्ट्र त्यात नव्हता. लिहिता न येण्याची अडचण सोपेपणाने सोडवली गेली: प्रश्नकर्त्याने घरी जाऊन कालचा दिवस क्रमाने वदवून घ्यायचा आणि स्वतः लिहायचा. पुरुष आठवड्याला सुमारे 42 तास राष्ट्रीय उत्पन्नात धरली जाणारी कामे करत होते आणि बायका सुमारे 19 तास. घरकाम आणि देखभालीत बायका सुमारे 34.6 तास घालवत होत्या आणि पुरुष साडेतीन तासांच्या थोडे वर. दोन्ही जोडले तर बाईचा आठवडा पुरुषाच्या आठवड्यापेक्षा मोठा होता. देशव्यापी पाहणी 2019 साली झाली. त्यात घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटे देताना आढळल्या. असे काम करणारे पुरुष मुळात थोडे, आणि त्यांची सरासरी 97 मिनिटे होती. 2024 च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे 289 आणि 88 आले.

हे आकडे अहवालात पडून राहिले नाहीत. अपघातात मरण पावलेल्या गृहिणीच्या कुटुंबाला भरपाई किती द्यावी, असा प्रश्न 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर होता. 5 जानेवारी 2021 च्या निकालात न्या. एन. व्ही. रमणा यांनी आपल्या स्वतंत्र, सहमतीच्या निकालपत्रात 2019 च्या पाहणीतल्या याच 299 आणि 97 मिनिटांचा आधार घेतला आणि गृहिणीचे काल्पनिक उत्पन्न ठरवणे ही तिच्या श्रमांची दखल आहे, अशी भूमिका मांडली. दारोदार जाऊन विचारलेला कालचा दिवस अशा रीतीने देशाच्या न्यायात दाखल झाला.

तरीही बंदिस्त मांडणीची किंमत मोजावी लागते, हे मान्य केले पाहिजे. बेरीज 1440 च यायला हवी, म्हणून एकाच वेळी चाललेली कामे एकमेकांचा वेळ खातात. चुलीवर भात आहे, मांडीवर मूल आहे आणि लक्ष दारातल्या गुरांकडे आहे, असा अर्धा तास एकदाच मोजता येतो. मूल सांभाळण्याचा वेळ त्यामुळे सर्वाधिक झाकला जातो, कारण ते काम दुसऱ्या कामांच्या आडूनच चालू असते. मिनिटे कष्टाचे ओझेही सांगत नाहीत; उन्हातून डोक्यावर आणलेल्या हंड्याची वीस मिनिटे आणि घरात भाजी निवडण्याची वीस मिनिटे तक्त्यात सारखीच दिसतात. कालच्या एका दिवसात सुगीची धावपळ आली नाही किंवा उन्हाळ्यातली पाणीटंचाई आली नाही, तर त्या घराचे चित्र अपुरे राहते. 1998 च्या पाहणीत नेहमीचा दिवस, आठवड्यातला वेगळा दिवस आणि असाधारण दिवस असे तीन प्रकार मुद्दाम केले होते, ते याच जाणिवेतून. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे घरातल्या एकाने दुसऱ्याचा दिवस सांगणे. सुनेचा दिवस सासऱ्याने सांगितला, तर तो पुन्हा मत बनतो, आणि ज्या दोषापासून सुटका करून घेण्यासाठी ही पद्धत जन्मली, तोच दोष मागच्या दाराने आत येतो.

या त्रुटींवर उपाय आहेत आणि ते आवाक्यातले आहेत. सोबत चाललेल्या कामाचा रकाना वगळू नये आणि त्याचे आकडे वेगळे प्रसिद्ध करावेत. एका घराचे निदान दोन वेगवेगळ्या हंगामांतले दिवस घ्यावेत. नळाची योजना, गॅसजोडणी, अंगणवाडीची वाढीव वेळ अशा प्रत्येक मोठ्या कामाच्या आधी आणि नंतर गावातल्या बायकांचा दिवस मोजावा. किती नळ बसले यापेक्षा किती वेळ वाचला हा हिशेब योजनेचे खरे फळ सांगेल. महाराष्ट्रात जमाखर्च तपासून गाव समजून घेण्याची परंपरा शंभर वर्षांची आहे. विद्यापीठांनी आणि राज्याच्या सांख्यिकी यंत्रणेने तिला आता वेळेच्या हिशेबाची जोड द्यावी. आणि पाहणी करणाऱ्याने एक नियम कधीही मोडू नये: जिचा दिवस लिहायचा आहे, तिलाच तो विचारावा.